माळरानाचा मुकुट: तार, सूत आणि डाळिंबाची साल

मुकुट निसर्गातला हवा म्हटलं की बहुतेक जण हिरव्या कागदाची पानं कापतात आणि हेअरबँडला चिकटवून मोकळे होतात. बालवाडीच्या गॅदरिंगला तेवढं पुरतं. कॉलेजच्या मुली युवा महोत्सवात लोकनृत्याला उभ्या राहतात तेव्हा नाही पुरत. दुसऱ्या-तिसऱ्या गिरकीलाच पानं सुटतात, मुकुट कपाळावर उतरतो, आणि मुलगी नाचायचं सोडून एका हाताने डोकं सांभाळत बसते. माझं सोलापूरच्या पूर्व भागात ड्रेपरीचं दुकान आहे. कपडे भाड्याने देते, मुकुट-टोप घरीच करते. त्यातला एक मुकुट कसा करायचा ते इथे सगळं सांगते. वाऱ्याने एका अंगाला कललेला गवताचा ठोंब आणि त्याच्या बुडाशी वारूळ. दिसायला मोठा, वजनाला साडेतीनशे ग्रॅमच्या आत.

आधीच सांगते, एका संध्याकाळीत होणारं हे काम नाही. सूत रंगवणं, लगदा वाळणं यातच दिवस जातात. हाताचं काम त्या मानाने कमी.

आधी गवत बघून या

फोनवर चित्रं बघून केलेलं गवत झाडूसारखं होतं. सगळी पाती एका उंचीची, सगळी बुडापासून वाकलेली. खरं गवत तसं नसतं. दिवाळीच्या सुमाराला बार्शी रस्त्याने नान्नजच्या बाजूला निघा. माळढोकासाठी १९७९ साली जाहीर झालेलं अभयारण्य तिथलंच. माळढोक दिसेल अशी आशा धरू नका, आता तो जवळजवळ दिसतच नाही. पण गवत आहे: पवन्या, मारवेल, कुसळी. तेव्हा ते हिरवं नसतं. पिवळं, तांबूस, मधेच राखाडी. अभयारण्यातलं एक पातंही तोडायचं नाही, नुसतं बघायचं. हातात घ्यायचंच असेल तर रस्त्याकडेचं किंवा ओळखीच्या शेताच्या बांधावरचं घ्या.

ठोंबासमोर खाली बसा आणि तीन गोष्टी बघा. पहिली, पातं वाकतं कुठे. बुडाशी ते ताठ असतं, वाक येतो वरच्या तिसऱ्या हिश्श्यात, जिथे तुऱ्याचं वजन पडतं. दुसरी, ठोंबातून पाती निघतात कशी. मधली उभी, कडेची पसरलेली, आणि सगळ्यांचा कल वाऱ्याच्या दिशेला. तरीही एखाददुसरं पातं हट्टाने उलटं उभं असतंच. तिसरी गोष्ट कुसळ.

कुसळीचं वाळलेलं एक कुसळ काढून तळहातावर ठेवा. टोकाला सुईसारखं बी, मागे काळपट लांब शेपटी, आणि त्या शेपटीला पीळ. आता त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका. पीळ सुटायला लागतो आणि कुसळ तळहातावर आपोआप फिरायला लागतं. वाळलं की पुन्हा पीळ बसतो. बी जमिनीत घुसतं ते असं फिरत फिरत. आणि अशा शेपट्या शेजारी शेजारी आल्या की एकमेकींत गुंतून त्यांची वेणी होते. ही वेणी आपल्याला मुकुटात आणायची आहे, खरं कुसळ मात्र अजिबात नाही. ते कपड्यातून आत जातं, कातडीत रुततं, नाचणाऱ्या मुलीच्या मानेवर गेलं तर विचारू नका. शिवाय मंचावर दिवा असतो, आरती असते, आणि वाळलं गवत म्हणजे काडेपेटीच.

पिसांचंही तेच. माळावर पडलेलं पीस उचलून मुकुटात खोचू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या भानगडीत पडण्यापेक्षा सुताची पिसं करता येतात.

वारूळ शोधायला लांब जावं लागत नाही. नागपंचमीला बायका पूजा करतात तसलं जुनं वारूळ बघा. ते गोल टेकाड नसतं. खालून वर जाणारे कंगोरे असतात, मधे घळी असतात, माथा बोथट. गोल केलंत तर प्रेक्षकाला बटाटा दिसतो.

सूत आणि रंग

सोलापुरात राहून बाजारचं रंगीत सूत विकत घ्यायचं म्हणजे मला अपमानच वाटतो. टॉवेलच्या कारखान्यांतून जाड सुती सुताचं वेस्ट निघतं, ओळखीने सहज मिळतं. पांढरं, बिनरंगी बघून घ्या. एका मुकुटाला सत्तर-ऐंशी ग्रॅम लागतं, पण रंगवायला शंभर ग्रॅम घ्या, थोडं वाया जातंच. नायलॉन किंवा लोकर नको. नायलॉन दिव्याखाली चमकतं, लोकर मार्चमध्ये डोक्यावर सहन होत नाही.

रंग डाळिंबाच्या सालीचा. रसाच्या गाड्यावर सांगून ठेवलं की पोतंभर साल फुकट मिळते. ती कडक वाळवून डब्यात भरली की वर्षभर टिकते. शंभर ग्रॅम सुताला शंभर ग्रॅम वाळकी साल, पंधरा ग्रॅम तुरटी. हे माप सुताच्या वजनावर असतं, म्हणजे सूत दुप्पट तर सगळं दुप्पट.

सुताच्या सैलसर लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा. आधी धुण्याचा सोडा आणि साबण घालून गरम पाण्यात उकळून घ्या, कारण सुताला मेण असतं, कधी सायझिंगची खळही असते (विणण्याआधी सुताला लावतात ती), आणि त्यावर रंग डागाडागाने बसतो. उकळलेलं पाणी पिवळट-तपकिरी निघेल. सूत मुळात पांढरंच होतं की, असं वाटेल. मग स्वच्छ धुऊन तुरटीच्या कोमट पाण्यात रात्रभर बुडवून ठेवा.

त्याच रात्री साल तीन लिटर पाण्यात भिजत घाला. सकाळी तासभर उकळा, फडक्यातून गाळा. चोथा सुतात राहिला तर तिथे तपकिरी ठिपके पडतात. गाळलेल्या रंगात ओलं सूत सोडा, मंद आचेवर पाऊण तास ठेवा, उकळी फुटू देऊ नका, आणि गॅस बंद करून त्यातच गार होऊ द्या. हळदीपेक्षा मंद, मोहरीकडे झुकणारा पिवळा येतो. हळदीचा रंग उन्हात चार दिवसांत उडतो, हा टिकतो. भांडं स्टीलचं घ्या आणि ते पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. तुरटीचं उरलेलं पाणी झाडांना घालू नका, मोरीत ओता.

पण सगळं गवत एकाच पिवळ्या रंगाचं झालं की पुन्हा झाडू. म्हणून लोखंडाचं पाणी. गंजके खिळे व्हिनेगरमध्ये आठवडाभर टाकून ठेवले की काळपट पाणी होतं. लिटरभर साध्या पाण्यात त्याचे दोन चमचे. पिवळ्या लडीतला एक तृतीयांश हिस्सा त्यात बुडवून लगेच काढा. तो शेवाळी होतो. आणखी थोडा हिस्सा पाच मिनिटं ठेवा, तो राखाडी-काळा होतो, कुसळांसाठी तोच लागतो. हा बदल डोळ्यांसमोर होतो, पोरीबाळी बघायला गोळा होतात. लोखंडाचं पाणी जास्त झालं तर मात्र सूत कुजतं, सहा महिन्यांनी हात लावताच तुटतं. म्हणून दोन चमचे म्हणजे दोनच, आणि नंतर भरपूर पाण्यात धुवायचं.

डोक्याचं माप आणि कडं

मुकुट करणारे निम्मे लोक वरून सुरुवात करतात. फुलं, पानं, तुरे सगळं झाल्यावर ते डोक्यावर बसवायचं कसं याचा विचार. माझा आग्रह उलटा. आधी कडं, मग तोल, शोभा सगळ्यात शेवटी. आपल्या सिद्धेश्वराच्या यात्रेत बाराबंदी घातलेला माणूस एवढा उंच नंदीध्वज पेलत चालतो, तो काही नुसत्या दंडाच्या जोरावर नाही. काठीचा भार कमरेवर सरळ उतरतो म्हणून. मुकुटाचा भार मानेवर तसाच सरळ उतरला पाहिजे.

माप घेताना केस नाचाच्या दिवशी जसे असतील तसे बांधायला लावा. अंबाडा असेल तर अंबाड्यासकट. टेप भुवयांच्या वर दोन बोटं, कानांच्या वरून, आणि मागे डोक्याचा जो उंचवटा असतो त्याच्या खालून. हे मागचं महत्त्वाचं. उंचवट्याच्या वर कडं बसलं की मान खाली घातली रे घातली, मुकुट पुढे घसरला.

समजा माप ५५ सेंटिमीटर आलं. आतून टॉवेलची पट्टी लावायची आहे, तिची जाडी साधारण चार मिलिमीटर, म्हणून कडं ५७.५ चं करायचं. जोडाला चार सेंटिमीटर धरून तार ६१.५ ची कापा. तार चौदा गेजची, जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली), म्हणजे दोन मिलिमीटर जाड. गेजचा आकडा वाढतो तशी तार बारीक होते. हार्डवेअरवाला ‘बाइंडिंग तार देऊ का’ विचारेल. ती बांधायला घ्या, कड्याला नको. मऊ असते आणि घामाने गंजते. जोडावर दोन्ही टोकं एकमेकांवर ठेवून बाइंडिंग तारेने गच्च गुंडाळा, वरून कापडी टेप.

कडं गोल ठेवू नका. डोकं गोल नसतं. दोन्ही हातांनी बाजूने दाबून लांबट करा आणि डोक्यावर ठेवून बघा. कानांच्या वर बोट सरकेल एवढीच जागा हवी. असंच दुसरं कडं थोडं लहान, पहिल्याच्या चार सेंटिमीटर वर येणारं. दोन्ही कड्यांना जोडणाऱ्या दोन पट्ट्या डोक्यावरून फुलीसारख्या न्या, सोळा गेजच्या तारेच्या. झाला सांगाडा.

आता बकरम, म्हणजे शिंपी कॉलरीत घालतात ते कडक कापड. नवी पेठेत शिंप्याचं सामान मिळतं तिथे मागा, पण इस्त्रीने चिकटणारं नको, खळीचं कडक बकरम हवं. पाच सेंटिमीटर रुंदीची पट्टी उरेब, म्हणजे कापडाच्या धाग्यांना तिरकी कापा. सरळ कापलेली पट्टी वळताना सुरकुतते. कोमट पाण्यात बुडवून मऊ झाली की दोन्ही कड्यांमधून ताणून बसवा, टाचण्या लावा, वाळू द्या. वाळली की ती डोक्याच्या आकारात कडक होते. मग दोऱ्याने कड्याला शिवून टाका. मी मोची वापरतात तो मेण लावलेला दोरा घेते, गाठ सुटत नाही.

ग्लू गनबद्दल इथेच बोलून घेते, कारण सगळे तिच्याच मागे लागतात. पटकन काम होतं, खरं आहे. पण सोलापूरचा एप्रिल-मे, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, त्यात सामान पत्र्याखाली ठेवलेलं. तो ग्लू मऊ होतो आणि चिकटवलेलं सगळं आपापल्या वाटेने निघून जातं. बोटभर ठिगळाला वापरा, भार घेणाऱ्या जागी कधीच नाही. भार शिवणीवर आणि तारेवर.

पाती

लांब पाती चाळीस, वीस गेजच्या तारेची, २२ ते ३२ सेंटिमीटर. आखूड तीस, बावीस गेजची, १२ ते १८. मुद्दाम फूटपट्टी लावून एकसारखी कापू नका. तारेचं वरचं टोक पकडीने वळवून बारीक आकडा करा. यात आळस नको. टोकदार तार शेजारच्या मुलीच्या डोळ्याच्या उंचीला असते.

सूत गुंडाळायला आमच्या घरात जुना राहाट आहे. एके काळी पूर्व भागात घराघरात बायका मागासाठी सुताच्या कांड्या भरायच्या, त्यातला. चातीच्या, म्हणजे फिरणाऱ्या सळईच्या जागी तार अडकवायची, एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्या हाताने सूत सोडायचं. पातं मिनिटाभरात होतं. राहाट नसेल तर हातड्रिल मंद ठेवून चालतं, नाहीतर हाताने. तारेला फेविकॉल अगदी पातळ लावा, दोन बोटं लांबीएवढाच, आणि तेवढं गुंडाळून झालं की पुढचा. एकदम सगळीकडे लावला की अर्ध्यावर वाळतो.

बुडाला सूत दुहेरी, वर जाताना एकेरी, टोकाला विरळ. म्हणजे पातं निमुळतं दिसतं. रंगांची सरमिसळ अशी: निम्मी पाती मोहरी, बाकीची शेवाळी आणि दोन्ही सुतं एकत्र पिळलेली. दोन्ही एकत्र पिळलेली मला सगळ्यात आवडतात, लांबून बघताना तीच खऱ्या गवतासारखी लागतात.

वाक देताना पकड वापरायची नाही. पकडीने तारेला कोपरा पडतो आणि गवताला कोपरे नसतात. पातं अंगठा आणि तर्जनीत धरा आणि वरच्या तिसऱ्या हिश्श्यातून हळू ओढत न्या. आपोआप गोलाई येते.

कुसळांना काळं सूत. हातभर लांब घ्या, एक टोक खिळ्याला अडकवा, दुसरं पिळत रहा, पिळत रहा, सूत आखडून गाठी मारायला लागेल इथपर्यंत. मग मधोमध दुमडून सोडून द्या. दोन्ही पदर आपणच एकमेकांभोवती फिरतात. खालचं टोक गाठवा, आणि मैद्याच्या खळीत बुडवून दोरीवर ताणून वाळवा. खळ म्हणजे कपभर पाण्यात दोन चमचे मैदा, गुठळ्या मोडून, पारदर्शक होईपर्यंत शिजवलेला, त्यात चिमूटभर तुरटी. जुने बुकबाइंडर खळीत कसर लागू नये म्हणून मोरचूद टाकतात. आपण टाकायचा नाही. तो विषारी असतो आणि इथे घाम येणार, पोरी कपाळ पुसून तोच हात तोंडाला लावणार. वाळलेली कुसळं चार-चार एकत्र गुंतवा आणि लांब पात्यांपैकी दहा-बारा पात्यांच्या टोकाला काळ्या दोऱ्याने बांधा. सगळ्या पात्यांना नको. कुसळ ही नजर थांबायची जागा आहे, सगळीकडे थांबायला लावलं तर बघणारा कुठेच थांबत नाही.

ठोंब रोवणं

बकरमचे तळहाताएवढे तीन तुकडे एकावर एक शिवून लंबगोल गादी करा. ती फुलीच्या तारांवर शिवा, पण माथ्याच्या मधोमध नाही. गवत डावीकडे झुकणार असेल तर गादी मध्याच्या उजवीकडे, दोन-तीन बोटं. उजवीकडून उगवून डोक्यावरून डावीकडे गेलेलं गवत तोल धरतं. डावीकडूनच उगवून डावीकडे गेलेलं मान ओढतं. आणि झुकाव अगदी कानाच्या रेषेत नको, थोडा मागे. म्हणजे रांगेत शेजारी उभ्या असलेल्या मुलीच्या तोंडावर पाती जात नाहीत.

पाच ते सात पात्यांची जुडी करा, एखादी आखूड, बाकीची लांब. बुडाशी बाइंडिंग तारेचे तीन वेढे, मग बुडाचे दोन सेंटिमीटर काटकोनात वळवून गादीवर आडवे पाडा आणि मेणाच्या दोऱ्याने शिवून टाका. नुसती उभी खोचलेली जुडी हलते. जुड्या गादीच्या कडेने सुरू करून मध्याकडे या. शेवटी उरलेली आखूड पाती मोकळ्या जागांत. एक-दोन पाती मुद्दाम उलट्या दिशेला.

ही सगळी बसवाबसवी कशावर करायची? जुनं मडकं पालथं घालून त्यावर टॉवेल गुंडाळा, डोक्याच्या मापाचं होतं. ठोंब झाला की खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च एका बाजूने मारा आणि मागच्या भिंतीवरची सावली बघा. आमच्या हुतात्मा स्मृती मंदिर नाट्यगृहात शेवटच्या रांगेत बसलेल्याला तुमची डाळिंबाची साल दिसत नाही, त्याला ही सावली दिसते. सावलीत वारा दिसला पाहिजे. नुसता गुंता दिसत असेल तर पाती काढा. सहसा काढावीच लागतात, घालावी लागत नाहीत.

वारूळ

वारूळ दोन कामं करतं: बुडाच्या शिवणी झाकतं आणि उजवीकडे वजन देतं. वर्तमानपत्राचा बोळा करून चिकटपट्टीने आवळा, मुठीएवढा, खालून थोडा खोलगट म्हणजे डोक्याच्या गोलाईवर बसेल. त्यात आत एक खिसा ठेवा, मध्यापासून जितका लांब ठेवता येईल तितका उजवीकडे. बाहेर जेवढं लांब, तेवढं कमी वजन पुरतं.

वरून कागदाचा लगदा. वर्तमानपत्र दोन दिवस भिजवून मिक्सरमधून काढा, घट्ट पिळा, त्यात भिजवून वाटलेली मेथी घाला. पूर्वी घरोघरी लगद्याच्या टोपल्या करायच्या त्यात मेथी असायचीच. चिकटपणा येतो आणि किडा कमी लागतो. थोडा फेविकॉलही घाला, मेथीच्या जोडीला हरकत नाही. थर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नको, नाहीतर वजन वाढतं आणि आतून बुरशी धरते. ओला असतानाच चमच्याच्या दांड्याने खालून वर घळी ओढा, कंगोरे उभे करा. दोन-तीन बारीक भोकं पाडा. सावलीत वाळवा. उन्हात वाळवलं तर वरून तडकतं, आत ओलंच राहतं.

रंगाला माळावरचा मुरूम. पिठाच्या चाळणीने चाळा, पातळ फेविकॉलमध्ये कालवा आणि ब्रशने लावा. वाळायच्या आत वरून कोरडा मुरूम भुरभुरवा. शेतातली काळी माती घेऊ नका, ती वाळताना आक्रसते आणि भेगा पडून पापुद्रे सुटतात. पोस्टर कलरच्या तपकिरीत ती मजा नाही, पण मुरूम मिळालाच नाही तर चालवून घ्या.

आता तोल. वारूळ गादीच्या कडेला कच्च्या टाक्याने अडकवा, मुकुट मडक्यावरून काढा आणि फुलीच्या तारा जिथे एकमेकींवर येतात तिथे खालून एका बोटावर तोला. डावीकडे कलला तर वारुळाच्या खिशात लोखंडी नट टाका, एकेक करून, समतोल येईपर्यंत. तीस-चाळीस ग्रॅमच्या पुढे जावं लागत असेल तर आणखी नट टाकू नका, दोन लांब पाती काढा. मग खिसा लगद्याने बंद करून वारूळ गादीच्या कडेला पक्कं शिवा, आणि दोन-तीन आखूड पाती त्याच्या पुढे येतील अशी वळवा, म्हणजे ते ठेवल्यासारखं न दिसता तिथलंच वाटेल. स्वयंपाकघरातल्या काट्यावर पूर्ण मुकुट ठेवून बघा. साडेतीनशे ग्रॅमच्या वर गेलं तर नाचणाऱ्या मुलीला देऊ नका. नुसतं उभं राहायचं असेल, फोटोला वगैरे, तर चारशेपर्यंत चालेल.

आतली बाजू

आतून सुती अस्तर लावून तारेची सगळी टोकं आणि गाठी झाका. कपाळाला लागणाऱ्या पट्टीला टॉवेल. आपल्याकडे यात कंजुषी करायचं कारणच नाही. चार सेंटिमीटर रुंद, उभी घडी करून, शक्यतो काढता येईल अशी. मी टिचबटणं लावते. दोन प्रयोगांच्या मधे पट्टी काढून धुता येते, आणि भाड्याने दिलेला मुकुट दुसऱ्या मुलीच्या डोक्यावर जातो तेव्हा ते बरं.

बांधायला कड्याच्या आतल्या बाजूने चार ठिकाणी दोऱ्याचे फास शिवा: कानांच्या वर दोन, मागे दोन. त्यातून काळ्या पिना फुलीसारख्या केसांत जातात. पिनेचा दुमडलेला भाग वर ठेवून एकच पिन सरळ खुपसली की ती घसरते. दोन आडव्या-तिरक्या घातल्या की धरतात. मागून अंबाड्याच्या खालून बोटभर रुंदीचं काळं इलास्टिक. हनुवटीखालून फीत नको. फोटोत दिसते, गाताना टोचते.

मुकुट देण्याआधी मुलीला घालायला लावून तिला वाकून नमस्कार करायला सांगा, दोन गिरक्या, एक उडी, आणि मान दोन्हीकडे झटकायला. लाजतात पोरी. आमचे हे दारात बसलेले असतात. ‘काय करूलाली गं ही, देव आला का अंगात?’ असं त्यांनी विचारलं की सगळ्या हसतात आणि मग मोकळेपणाने उड्या मारतात. मुकुट कुठे हलतो ते तेव्हाच कळतं. पुढे येत असेल तर मागचं इलास्टिक आवळा. गोल फिरत असेल तर कानांवरच्या पिना चुकल्यात. डोकं दुखतं म्हणाली तर कड्याच्या जोडाची जागा बघा, जोड नेहमी मागे हवा, कानावर कधीच नाही. दहा मिनिटं डोक्यावर ठेवून तिला गप्पा मारायला लावा. एकदा एक मुलगी म्हणाली, ‘मावशी, विसरलेच की डोक्यावर आहे ते.’ तेवढं झालं की मुकुट बांधून द्यायला हरकत नाही.

नेणं आणि ठेवणं

एसटीने किंवा रिक्षाने न्यायचा असेल तर खोका शोधत बसू नका. प्लॅस्टिकच्या मोठ्या बादलीत तळाशी पालथं पातेलं ठेवा, त्याला टॉवेल गुंडाळा, त्यावर मुकुट बसवा आणि बादलीच्या तोंडावर ओढणी बांधा. पाती बादलीच्या वर आली तर येऊ द्या, दाबू नका. वाकली तरी जाग्यावर पोहोचून अंगठ्याने सरळ करता येतात, सुती गवताचा हाच फायदा.

ठेवताना पत्र्याच्या माळ्यावर ठेवू नका, आणि जमिनीलगतही नको. खळीवर आणि मेथीवर झुरळं तुटून पडतात. कपाटाच्या वरच्या फळीवर, जुन्या सुती साडीत सैल गुंडाळून, सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला. पाला दर दोन महिन्यांनी बदला. पावसाळ्यात एकदा बाहेर काढून पंख्याखाली ठेवा. वारूळ मऊ लागलं तर ओल धरली आहे, तसंच परत गुंडाळू नका. मुरूम झडला असेल तर तेवढ्यापुरता पुन्हा लावता येतो, म्हणून चाळलेला मुरूम एका डबीत भरून मुकुटासोबतच ठेवून द्या.